इतिवृत्ताबाहेर

उपस्थित : नऊ. रजा : दोन.
त्यातला एक, डंकन, आता कायमचाच रजेवर;
हजेरीच्या वहीतून नाव खोडायला
मीच टाळाटाळ करते आहे.

मंगळवारी सभा, शनिवारी लेंड्या.
लोकर कातरायच्या शेडखाली
फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं पडलेलं,
दबून काळं झालेलं लेंडीखत
आम्ही रांगत जाऊन खरवडतो,
पोत्यांत भरून रस्त्याकडेला मांडतो.
पाच डॉलरला पोतं. पैसे डब्यात टाका.
तुरोआचे दोन्ही गुडघे नवे आहेत,
अ‍ॅलस्टरचा एकच,
तरी आत शिरायला दोघांची चढाओढ.
नोएलीन बाहेर पोत्यांची तोंडं शिवते
आणि मोजताना दर वेळी एक चुकते.

असली तेराशे पोती म्हणजे
मलावीत, म्झिंबाच्या पठारावर, एक हातपंप.

कबूल करायला हवं, आधी आम्ही टोप्या पाठवल्या होत्या.
लोकरीच्या. दोनशे चाळीस.
सबंध हिवाळा विणल्या, खोकी बांधली.
चाळीस वर्षं पोस्टात होते मी, तिकिटं मीच चिकटवली.
मग अ‍ॅलस्टरचा नातू विद्यापीठातून आला
आणि जेवणाच्या टेबलावर हसला :
"आफ्रिकेत? लोकरीच्या टोप्या?"
म्हणजे आमची आम्हीच स्वतःला टोपी घातली होती.
त्या रात्री कुणी पुडिंग खाल्लं नाही.
पुढच्या सभेत ठराव झाला,
'टोप्या' हा शब्द उच्चारेल त्याला एक डॉलर दंड.
तो मात्र इतिवृत्तात आहे.

पंप बसला. फोटो आला.
पाटीवर आमच्या गावाचं नाव, त्यात एक अक्षर चुकलेलं.
फोटो भिंतीवर लागला
आणि हळूहळू भिंतीसारखाच दिसेनासा झाला.

सहा वर्षांनी पत्र. तिकिटावर मासा.
लिहिणारी न्यागोंड्वे, पाणी-समितीची खजिनदार.
हिशोब आधी, क्षेमकुशल नंतर;
मला बाई तिथेच आवडली.

"पंपाचा वायसर दर वर्षी झिजतो, तो आम्ही बदलतो.
घरटी वर्गणी आहे. जो देत नाही
त्याला भर रांगेत नावानं हाक मारते मी.
आतला दांडा दोनदा तुटला, तोही काढला,
पाच बायका आणि एक दोरखंड.
तेव्हा हे पत्र पैसे मागायला नाही.
तुमची पाटी आम्ही काढली आहे, रागावू नका.
पत्रा चांगला होता,
खुराड्याला दार हवं होतं.

विचारायचं आहे ते टोप्यांबद्दल.
जूनमध्ये इथे पहाटे बोटं वळत नाहीत,
पंपाला हात लाववत नाही.
मुलं त्या टोप्या घालून पाण्याला येतात.
आता विरल्या आहेत, धाकट्यांपर्यंत पोचत नाहीत.
ज्यांनी विणल्या त्यांना कसं कळलं
की इथे जूनमध्ये थंडी असते?"

कळलं नव्हतं.

मी मोठ्यानं वाचत होते, तिथे थांबले.
खिडकीबाहेर जूनच होता.
कुंपणाच्या तारा पांढऱ्या पडल्या होत्या,
तुरोआ शेगडीत लाकूड सारत होता.
विषुववृत्ताच्या एकाच बाजूला राहत होतो आपण,
इतकी वर्षं,
आणि कुणी कुणाला हवा कशी आहे
एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

अ‍ॅलस्टर उठला. नवा गुडघा आधी, मग जुना.
खिशातून एक डॉलर काढून
दंडाच्या डब्यात टाकला
आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "टोप्या."
मग नोएलीन. मग एकेक करून सगळे.
डंकनच्या वतीनं मी टाकला,
त्याला लोकर टोचायची, तरी त्यानं अकरा विणल्या होत्या.

डबा मोजला तेव्हा एक डॉलर जास्त निघाला.
नोएलीन म्हणाली, माझीच चूक असेल.

उत्तराचा कच्चा खर्डा, अजून मंजूर व्हायचा आहे :
प्रिय न्यागोंड्वे,
पाटी चालली, हे बरं झालं.
आम्हाला कळलं नव्हतं.
डोक्यांची मापं कळवावीत.